मामू आणि दोन पट्ट्या

“दोन टाळकी! एका धडावर दोन टाळकी! असलं वासरू कुणाच्या गोठ्यात जन्मलं तर लोक देवऋषी बोलावतात, आणि तुम्ही त्याच्या गळ्यात हार घालून मिरवणूक काढायला निघालात!”

मामू खुर्चीवर उभं राहून ओरडत होते. खुर्ची चाकांची होती. प्रत्येक शब्दाला ती वीतभर सरकत होती आणि मामूंना घेऊन खिडकीकडं निघाली होती, पण तिला धरायची कुणाची छाती नव्हती. आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. खाली नान-खलियाचं हॉटेल. मामू वर कडाडले की तंदूरला चिकटलेले नान आपोआप सुटून पडतात, असं तिथला वस्ताद शपथेवर सांगायचा. आणि तो वस्ताद माझ्यासारखा नव्हता, खरं बोलणारा होता.

“सर, खाली उतरा,” आमच्या कंपनीच्या मालकीण, मॅडम, म्हणाल्या.

“आधी ते एक टाळकं उतरवा. मग मी उतरतो.”

टाळकं म्हणजे काय ते सांगून टाकतो. आम्ही मोबाइलची ॲपं बनवायचो. माझं काम टेस्टरचं, म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं दिवसभर मोडून बघायचं. आता कुठलंही ॲप उघडा. सगळ्यात वर एक पट्टी असते. तिच्यावर तुम्ही कुठं आहात त्याचं नाव आणि डाव्या कोपऱ्यात मागं जायचा बाण. ॲप म्हणजे तरी काय, खोलीतून खोली आणि तिच्यातून आणखी आतली खोली. प्रत्येक आतली खोली आपली पट्टी घेऊन येते. रीत अशी, की आतली पट्टी आली की बाहेरचीनं मुकाट्यानं बाजूला व्हायचं. आमच्या नव्या ॲपात बाहेरची पट्टी हटतच नव्हती. आत गेलं की डोक्यावर दोन पट्ट्या, एकीखाली एक, आणि दोन बाण. खालचा बाण एक खोली मागं नेणारा. वरचा थेट अंगणात फेकणारा, हातातलं सगळं सांडून.

“पट्टी म्हणजे घरातलं मोठं माणूस,” मामू म्हणायचे. “एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं बोलायला लागली की पाहुणा चप्पल शोधतो.”

त्यांना मामू का म्हणायचे, कुणास ठाऊक. या शहरात अर्ध्या लोकांना उरलेले अर्धे मामूच म्हणतात, पण आमचे मामू हे मामूंमधले मामू. उंची बेताची, दाढी मेंदीची, आणि भर मे महिन्यात, डांबर वितळून चपलेला चिकटतंय अशा उन्हात अंगात हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. विचारलं तर म्हणायचे, “मियाँ, कोड थंड डोक्यानं लिहायचा असतो. डोकं थंड ठेवायचं तर गरमी कुठंतरी साठवायला लागते ना?”

त्यांची मोठी खोड दारांची. ज्या दारानं आत शिरतील त्याच दारानं बाहेर पडायचे. एका लग्नाला चुकून आचाऱ्यांच्या दारानं मंडपात शिरले. जेवण झाल्यावर नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन परत त्याच दारानं निघाले, तर आतल्या माणसांना वाटलं हा आपल्यातलाच. त्यांनी हातात झारा दिला. मामूंनी दोन घाणे पुऱ्या तळल्या, झारा जागेवर ठेवला आणि मग बाहेर पडले. आणखी एकदा छातीत दुखतं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. अपघात विभागाच्या दारातून, स्ट्रेचरवर. पित्त निघालं. घरी सोडायच्या वेळी मामू अडून बसले, “आलो स्ट्रेचरवर, जाणार स्ट्रेचरवर. मधलं काही मला माहीत नाय.” शेवटी दोन वॉर्डबॉय त्यांना ढकलत दारापर्यंत घेऊन आले आणि मामू आडवे पडल्या पडल्या दोन्ही बाजूच्या नातेवाइकांना सलाम करत होते. रडणारी माणसं हसायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पाहिलेल्या माणसाकडून ऐकलं.

दुसरी खोड पुठ्ठ्याची. शर्टाच्या खिशात बुटाच्या खोक्यातून कापलेला एक तुकडा कायम. तुम्ही आपले फोनवर काम करत बसलात की मागून हळूच यायचे, तो तुकडा फोनच्या वरच्या भागावर ठेवायचे आणि कानात विचारायचे, “बोल मियाँ, कुठं आहेस तू?” पट्टी झाकली की भलेभले गोंधळायचे. नाही सांगता आलं तर ते पान रद्द. “तीन उंबऱ्यांपलीकडं माणसाला नेऊ नका,” हेही त्यांचंच. “चौथा उंबरा आला की माणूस घाबरतो. आपल्या घरात चौथ्या खोलीत आपण काय ठेवतो? अडगळ.”

आता याचा अर्थ मामू म्हणजे कुणी अवतारी पुरुष होते असं समजू नका. बरोबर असले की ते असह्य व्हायचे आणि चुकले की त्याच्या दुप्पट. मेनूच्या तीन आडव्या रेघा दिसल्या की त्यांचं पित्त खवळायचं. “हे काय हाय? पोळ्यांची चवड? लोकांनी काय समजायचं, आत जेवण हाय?” असं म्हणून एका गिऱ्हाइकाच्या ॲपातला आख्खा मेनूच त्यांनी कुणाला न विचारता उडवला. गिऱ्हाईक आलं, स्वतःचंच दुकान शोधत राहिलं आणि जे गेलं ते पुन्हा जिना चढलं नाही. अशा प्रत्येक वेळी मॅडम कपाळाला हात लावायच्या. पण मामूंना काढून टाकावं, असं त्यांच्या मनातही आलं नसावं, आणि त्याला कारण होतं.

मॅडम सोयगावच्या. मामूही तिथलेच. तिथं बाजारात कापडाच्या दुकानावर मामूंचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मॅडम शाळेच्या गणवेशातच येऊन बसायच्या. लाइट गेली की बाकीची पोरं घरी पळायची, ही तिथंच बंद पडद्यासमोर बसून विचारायची, “सर, आता आत काय चालू असेल?” मामू सांगायचे, “त्या एका सवालावर मी पोरगी ओळखली.” पुढं ती पोरगी शहरात येऊन इंजिनिअर झाली, तिनं कंपनी काढली आणि पहिला माणूस म्हणून सोयगावहून सरांना उचलून आणलं. चारचौघांत मामू तिला ‘मॅडम’ म्हणत. केबिनचं दार बंद झालं की ‘बेटा’. दार प्लायवूडचं होतं, त्यामुळं ते ‘बेटा’ आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं आणि आम्ही ऐकू न आल्यासारखं करायचो.

तर भांडण वरवर पट्टीचं होतं. पणाला लागलं होतं ते हे ‘बेटा’.

ते ॲप होतं वाळूजच्या कामगारांसाठी. कंपन्यांना माणसं पोचवणाऱ्या बसगाड्यांचा एक बडा कंत्राटदार होता, त्यानं ते बनवून घेतलं. बस कुठं आली ते त्यात दिसणार, आणि कंपनीत कामाची पाळी बदलून हवी असेल तर अर्जही त्यातच भरायचा. शेठची एकच अट. प्रत्येक पानावर त्याच्या नावाची हिरवी पट्टी दिसली पाहिजे. मॅडमनी ती पट्टी सगळ्या पानांच्या डोक्यावर पक्की ठोकून दिली. बाण तिच्यात आधीपासूनच होता. पट्टी ज्या चौकटीत बसवली होती ती मॅडमनी कंपनीच्या पहिल्या ॲपासाठी स्वतः बांधलेली; पुढची सगळी ॲपं तिच्यावरच उभी होती. ती उकलायची म्हणजे आख्खं घर उकलायचं.

मामूंनी हट्ट धरला, ॲप आधी बजाजनगरात माणसांच्या हातात देऊन बघायचं. तो खुर्चीवरचा तमाशा झाला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं स्कूटरवर तिथं गेलो. बस थांबते तिथं चहाची टपरी. मामूंनी टपरीच्या बाकड्यावर बसकण मारली आणि येईल त्याच्या हातात फोन द्यायला सुरुवात केली. पोरं पटापटा बोटं फिरवून “भारी हाय मामू” म्हणून बसमध्ये चढत होती. मग एक बाई आली. धनगराची. सासरची माणसं मेंढरांमागं, ही नवऱ्याबरोबर खोली करून राहिलेली, एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला. तिला पाळी खरोखरच बदलून हवी होती.

“ह्यात लिवलं की साहेबाला जातं व्हय, चाचा?”

“जातं की. लिही तू, बेफिकीर.”

ती एका बोटानं लिहायला लागली. शपथेवर सांगतो, तिचं लिहून होईपर्यंत दोन बसगाड्या भरून गेल्या, टपरीवाल्यानं दूध दोनदा तापवलं आणि समोरच्या इमारतीला एक मजला चढला. लिहिलं होतं एवढंच : ‘पोरगी लहान हाय. रातपाळीला तिला बगायला कोनी नाय. दिवसपाळी द्या.’ मग तिला शंका आली, मागच्या पानावर पाळी बरोबर निवडली ना? बघायला म्हणून ती मागं जायचा बाण दाबायला गेली. समोर दोन बाण. तिनं वरचा दाबला. कुणीही वरचाच दाबेल.

सगळं गेलं. पुढ्यात पहिलं पान, त्यावर शेठचं नाव आणि बसचं चित्र.

“गेलं व्हय?” ती म्हणाली.

“गेलं,” मामू म्हणाले. “चूक आमची हाय, ताई. परत लिही. मी बसतो ना इथं.”

“नाय चाचा, तुमची काय चूक? माझंच बोट जाड हाय.” तिनं ते बोट पदराला पुसलं, जणू शाई लागली होती. “ऱ्हाऊ द्या. बस लागली.”

परत येताना मामू एक शब्द बोलले नाहीत. वाळूजपासून क्रांती चौकापर्यंत मुके मामू मी आयुष्यात एकदाच पाहिले. मला वाटलं स्कूटरवरून पडले की काय. दोनदा मागं हात घालून चाचपून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीवर चढले. ती खुर्ची खिडकीला जाऊन थडकली तेव्हा मामू उतरले, मॅडमच्या केबिनमध्ये शिरले आणि दार बंद झालं.

“बेटा, त्या बाईनं स्वतःच्या बोटाला दोष दिला. समजतंय का तुला? मला शिव्या दिल्या असत्या तर मी चहा पाजला असता. तिला वाटलं, तिचं बोट चुकलं.”

“सर, मला पटतंय. पण चौकट उकलायची तर सगळंच पुन्हा बांधावं लागेल. हॉल ठरलाय, शेठनं माणसं बोलावलीत. एकदा सुरू होऊ दे, नंतर काढू.”

“मग निदान वरचा बाण काढ.”

“तो सुटा निघत नाही, तुम्हाला माहितीये. आणि शेठच्या पट्टीला आत्ता हात लावला तर तो काम काढून घेईल. बाहेर बसलेल्या पोरांचं काय करू?”

तीही खोटं बोलत नव्हती हो. बाहेर बसलेली पोरं म्हणजे आम्हीच.

उद्घाटन बजाजनगरातल्या एका हॉलमध्ये होतं. मंचावर शेठ, त्याच्या गळ्यात एवढे हार की बोलताना फक्त मिशा दिसत होत्या. मागं मोठा पडदा. मॅडम माईक घेऊन ॲप दाखवत होत्या आणि पडद्यावर एकेक पान झळकत होतं, प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवी पट्टी. अर्जाचं पान आलं. दोन पट्ट्या, दोन बाण, प्रत्येक बाण बैलाच्या शिंगाएवढा.

आणि मामू मंचावर चढले. फ्रिजच्या खोक्याचा आख्खा पुठ्ठा उलगडून आणला होता. कुणाला काही कळायच्या आत तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते पडद्यापुढं उभे राहिले. शेठचं नाव गायब झालं. बाणही गायब. खाली उरली एक पट्टी आणि एक बाण.

“हे बघा भाऊ लोक!” मामू गरजले. त्यांना माईक लागत नसे. “आता सांगा, मागं जायला कुठं बोट ठेवणार?”

“त्या बाणावर!” सगळा हॉल ओरडला. टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. मामूंचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. हात वर धरून धरून भरून आले होते, पण पुठ्ठा काही खाली येत नव्हता.

शेठ उठला. “माझं नाव झाकतो? कोण हाय हे म्हातारं? कुणी आणलं ह्याला?”

सगळे मॅडमकडं बघायला लागले. मीही बघत होतो. मला वाटत होतं, आता त्या म्हणतील, माझे सर आहेत. तीन शब्दांचं काम होतं. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

“माफ करा हं,” त्या म्हणाल्या. “ते आमच्या ऑफिसातले जुने कर्मचारी आहेत. वय झालंय. नव्या गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत.”

माईक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

मामूंनी पुठ्ठा खाली घेतला, भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि मॅडमकडं वळून म्हणाले, “बराबर हाय, मॅडम.” मग ते निघाले. आले होते हॉलच्या मोठ्या दारानं, माणसांच्या मधून, सगळ्यांशी हात मिळवत. गेले मंचामागच्या दारानं, जिथं डेकोरेशनवाल्यांनी कनाती रचून ठेवल्या होत्या. मामू आल्या दारानं परत गेले नाहीत. शेठ नव्या दमानं भाषणाला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल रिकामं होतं. तिसऱ्या दिवशीही. सोयगावला गेले, असं खालच्या वस्तादानं सांगितलं. जाताना त्याला भेटून गेले होते, आम्हाला नाही.

ॲप सुरू झालं. तक्रार एकही आली नाही, आणि तेच वाईट होतं. अर्ज अर्धे भरले जायचे आणि नाहीसे व्हायचे. माणसं पुन्हा पूर्वीसारखी आपापल्या कंपनीच्या ऑफिसच्या खिडकीपुढं रांगेत उभी राहायला लागली. कुणी भांडलं नाही. विचारलं तर म्हणायची, “आमाला नाय जमत ते.” बजाजनगरातला जो तो आपल्याच बोटाकडं बघत होता. त्या बाईला मी टपरीवर पुष्कळदा शोधलं. तिनं कंपनी सोडली, एवढंच कळलं.

मग एका सोमवारी मॅडमनी हातातली सगळी कामं बाजूला सारली आणि ती चौकट उकलायला घेतली. स्वतः. कुणाला हात लावू दिला नाही. जेवायच्या सुट्टीत आम्ही खाली नान-खलिया खात असायचो आणि वर त्यांच्या केबिनमधून कीबोर्डचा आवाज यायचा. पावसाळा उलटला, दिवाळी आली. एक दिवस मी काही विचारायला आत गेलो, तर त्यांनी फोनच्या वरच्या भागावर तळहात ठेवला होता आणि त्या उरलेल्या पडद्याकडं बघत होत्या. मी न विचारताच बाहेर आलो.

शेठला नवं ॲप दाखवायला मीच गेलो, जीव मुठीत धरून. त्याचं नाव फक्त पहिल्या पानावर, पण आधीच्या चौपट मोठं. आत सगळीकडं एकच पट्टी, एकच बाण. शेठनं फोन हातभर लांब धरला.

“मोठं झालं की नाव! छान दिसतंय.”

“आतल्या पानांवर मात्र नाही हं, शेठ.”

“आत कोण बघतंय?” शेठ म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हरला हाक मारली.

एवढंच. एवढंच होतं ते. त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाल्या, “तू सोयगावला जाशील?”

“तुम्ही फोन करा ना. तुमचा फोन आला तर ते...”

“काय बोलू फोनवर? पट्टी काढली, असं?” त्यांनी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता. “त्यांना म्हणावं, नवं ॲप तुमच्या फोनवर पाठवते. एकदा बघा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी ते कामगारांना देणार नाही. आणि म्हणावं, तुमचं टेबल तसंच आहे.”

सोयगावच्या बाजारात भाच्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, मामू तिथं बसतात. दाढीची मेंदी उतरली होती. स्वेटर तोच. मला बघून त्यांनी एवढी जोरात हाक मारली की रस्त्यावरचा एक बैल थांबला, असं मी लिहिलं असतं. पण नाही मारली. “ये, मियाँ, बस,” म्हणाले, चहा सांगितला, खालच्या वस्तादाची तब्येत विचारली. काळ्या नळीचं एक भेंडोळं मांडीवर घेऊन ते उलगडत होते. गिऱ्हाईक उभं होतं.

मी सगळं सांगितलं. चौकट कशी उकलली, कुणी उकलली, किती महिने. शेठ काय म्हणाला तेही. मॅडमचा निरोप एकही शब्द न बदलता सांगितला, जे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. आणि माझा फोन त्यांच्यापुढं धरला.

“बघा ना मामू. एकच पट्टी. मॅडम तुमच्याही फोनवर पाठवतायत.”

त्यांनी फोन घेतला नाही. हातात नळी होती. गिऱ्हाइकाला हवी तेवढी मोजून त्यांनी ती कापली, टोकं जुळवली आणि सुतळीनं बांधली.

“माझ्याकडं आता बटनाचा फोन हाय,” मामू म्हणाले.